पाठीमागची बाई

त्याला मी मनातल्या मनात साखऱ्या म्हणायचे. जाईल तिथे गोड बोलायचं, पोरांना हसवायचं आणि स्वयंपाकघरातल्या बायकांकडून दोन घास जास्त वाढून घ्यायचे, हा त्याचा उद्योग. आम्ही दोघंही आपल्याकडचे, दोघंही त्या परक्या देशात कृत्रिम पाय बसवणाऱ्या एका केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहिलेलो. मी फिजिओथेरपिस्ट, केस पिकेपर्यंत हेच काम केलेली. तो पोरांना खेळवायला आलेला. पगार दोघांनाही सारखाच, म्हणजे काहीच नाही. पण माया सगळी त्याच्या वाट्याला. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळायचे.

त्यातून मिरचीवरून तर जास्तच. मिरची म्हणजे केंद्राची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरदादांची मुलगी. अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. नवा पाय लावला त्या पहिल्याच दिवशी तिनं तो काढून माझ्या अंगावर फेकला, म्हणून हे नाव. माझा तिच्यावर जीव जडला तो तेव्हापासून. तिला ते कळू देणं मात्र मला कधी जमलं नाही.

आमच्या कामाची एक रीत असते. नव्या पायानं चालणाऱ्याचा हात धरायचा नाही. हात धरला की माणूस त्या हातावर भार टाकतो, पायावर टाकत नाही. कमरेला एक रुंद पट्टा बांधायचा आणि आपण मागे राहून तो धरायचा. तोल गेलाच तर सावरायचं, नाहीतर पट्टा आहे हेसुद्धा चालणाऱ्याला जाणवता कामा नये. म्हणजे मिरचीच्या मागे मी, पट्टा धरून, कंबर मोडेपर्यंत वाकलेली. आणि समोर कोण, तर हात पसरून उभा असलेला साखऱ्या. ती घामाघूम होऊन त्याच्यापर्यंत पोचायची, तो तिला उचलून गरागरा फिरवायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मी पट्ट्याची गाठ सोडत बसायचे.

तसं हे मला नवीन नाही. घरीसुद्धा भावाच्या मुली त्यांच्या मावशीच्या गळ्यात पडतात आणि मला, आत्याला, वाकून नमस्कार करतात. मी त्यांना पाठ सरळ ठेवून बसा म्हणते, हा माझा गुन्हा.

पुढच्या आठवड्यात मी घरी परतणार होते. जाण्याआधी मला काहीतरी दाखवावं म्हणून ड्रायव्हरदादांनी सुट्टीच्या दिवशी गाडी काढली. तळ्याकाठी एक जुना किल्ला आहे, तो बघायचा. बरोबर मिरची, आणि कुणी न बोलावता साखऱ्या. वाटेत ती दोघं मागच्या सीटवर गाणी म्हणत होती. मी पुढे बसून आरशातून बघत होते आणि मनात एकच गोष्ट पक्की करत होते. एकदा, फक्त एकदाच, ती माझ्याकडे चालत यायला हवी. निदान जाताना तेवढं तरी पदरात पडू दे.

किल्ल्यात शिरल्यावर मोठं फरसबंद आवार होतं. दगड सपाट, कोरडे, कुठे शेवाळ नाही. मी ते चालून तपासलं आणि पट्टा साखऱ्याच्या हातात दिला.

"आज तू मागे राहा. मी पुढे उभी राहते," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, पण पट्टा धरला. पट्टा कसा धरायचा ते मी त्याला दोनदा सांगितलं. मग मी आवाराच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि हात पसरले. आयुष्यात कधी असे हात पसरले नव्हते. फार अवघडल्यासारखं वाटत होतं.

मिरची हलली नाही. तिनं मान वळवून मागे पाहिलं, साखऱ्याच्या हातातला पट्टा पाहिला, आणि जागच्या जागी पाय रोवून उभी राहिली. साखऱ्यानं गोड बोलून पाहिलं, बापानं दटावून पाहिलं. तिची भाषा मला मोडकीतोडकी यायची, पण ती काय म्हणाली ते स्वच्छ कळलं.

"बाई मागे नाहीत. मी पडेन."

एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. माझे पसरलेले हात खाली आले. मला बरं वाटलं, पण क्षणभरच. मी मागे असल्याशिवाय ही पोरगी पाऊल टाकणार नसेल, तर पुढच्या आठवड्यात मी गेल्यावर काय करणार? इतके महिने मी हिला चालायला शिकवलं, की माझ्यावर टेकून राहायला? साखऱ्याचा हेवा करण्याच्या नादात माझ्या कामातली एवढी मोठी चूक मला दिसलीच नव्हती.

मी परत मागे गेले आणि पट्टा घेतला. साखऱ्या आपल्या नेहमीच्या जागी, समोर. मी ड्रायव्हरदादांना खुणेनं तिच्या बाजूनं चालायला सांगितलं. ती निघाली. थोडं अंतर मी बरोबर गेले, आणि मग पट्टा सोडून दिला. तिथेच उभी राहिले. तिची कंबर डुलत डुलत माझ्यापासून लांब जाताना मी बघत होते. आतून तुटत होतं, आणि पाऊल मात्र नीट पडतंय ना, तेही डोळे बघत होते. नीट पडत होतं. ती त्याच्यापर्यंत पोचली. त्यानं तिला उचललं, फिरवलं. झालं, म्हटलं, हेही त्याच्याच पदरात.

फिरता फिरता तिला मी दिसले. आवाराच्या मध्यावर उभी, हात रिकामे. क्षणभर तिला उमगेना. मग तिचा चेहरा लाल झाला. तिनं साखऱ्याच्या छातीवर हात मारून खाली उतरवून घेतलं आणि ती वळली. मागे कुणी नाही, पट्टा लोंबतोय, बाप साखऱ्यापाशीच राहिलेला. तशीच दाणदाण पाय आपटत सरळ माझ्याकडे आली. मला हात पसरायचंसुद्धा सुचलं नाही. जवळ येऊन तिनं माझ्या पोटात जोरात गुद्दा मारला.

"सोडलंत मला," ती म्हणाली, आणि माझा शर्ट दोन्ही मुठींत धरून रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाठ सरळ कर, असं म्हणणं मी महत्प्रयासानं टाळलं.

साखऱ्या हळूहळू आमच्यापाशी आला. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "माझ्यावर कधी अशी रागावली नाही हो ती."

तो हसत होता, पण आवाजात जळकेपणा होता. तो मी कुठेही ओळखते.