मर्तिकाच्या बिअरचं विरजण

मी बिअरचं विरजण बोलतोय. शपथेवर सांगतो, पुढचं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. यात मी मेलो. म्हणजे मेलो, तरी उरलो. ते कसं, ते पुढे कळेलच.

नॉर्वेतल्या वॉसच्या खोऱ्यात, गीरिद म्हातारीच्या घरी, आढ्याला टांगलेल्या लाकडी कड्यावर मी सुकून झोपायचो. बिअर करायची वेळ आली की मोड आलेल्या जवाचा गोड काढा लोटक्यात घेऊन मला त्यात सोडत. काढा धारोष्ण दुधाइतकाच ऊन हवा. गार असला तर मी कूस बदलून पुन्हा झोपतो, कढत असला तर मरतो. मी फसफसलो की मला पिंपात ओतायचं आणि ओतताना जिवाच्या आकांतानं किंचाळायचं. किंकाळी जेवढी मोठी, तेवढी बिअर कडक. माणसं काहीही मानतात. मीही मानतो.

गीरिद अंथरुणाला खिळली. आमच्याकडे मर्तिकाला चांगली बिअर नसली की घराला कायमचा बट्टा. आणि सुनेला, ओड्नीला, म्हातारीनं कधी पिंपाला हातही लावू दिला नव्हता.

"माझ्या मर्तिकाची बिअर माझ्यादेखत कर," म्हातारी म्हणाली. "चाखीन, मगच डोळे मिटीन. तुझ्या हातची डुक्कर तरी पिईल का, बघू दे."

"बघा की, सासूबाई. घाई कुणाला आहे? म्हणजे, मला आहे थोडी."

ओड्नी लाकडं आणायला गेली. तेवढ्यात म्हातारी भिंत धरत उठली आणि मला कड्यासकट उकळत्या पाण्यात बुडवून पुन्हा टांगून आली. "आता बस बोंबलत," म्हणाली.

ओड्नीनं मला लोटक्यात सोडलं. फेस नाही, बुडबुडा नाही. तरी तिनं मला पिंपात ओतलं आणि अशी किंचाळली की शेजारची तोर्ब्योर्ग धावत आली.

"गेली का गं म्हातारी?"

"कुठली! विरजण गेलं."

"एवढंच ना? तुझ्या सासूनंच दिलेलं विरजण आहे माझ्याकडे. घेऊन जा."

ते विरजणही मीच. एका वेळी दहा घरांत असतो मी. मी पिंपात असा उसळलो की भिंतीपलीकडे म्हातारीला ऐकू गेलं. बिअर तयार झाल्यावर तिनं हाक मारली.

"अगं, घोटभर दे गं."

"ही मर्तिकाची आहे, सासूबाई. आधी मरा."

कोरडे ओठ चाटत चाटत म्हातारी गेली. अख्खं खोरं ती बिअर प्यायलं, ओड्नीची वाहवा करत राहिलं, आणि उकळत्या पाण्याची हकिकत तिच्या तोंडून ऐकून म्हातारीच्या नावानं थुंकलं.

आता मी ओड्नीच्या कड्यावर राहतो. जिचा काढा पितो, तिची री ओढावी लागते. म्हणून आत्तापर्यंत ओढली; आता खरं सांगून टाकतो: उकळत्या पाण्याची गोष्ट तिनं रचली, आणि भिंत धरत उठणारी म्हातारी त्यात मी जोडली. गीरिदला उठून बसताही येत नव्हतं. चुलीवरून उतरवलेल्या कढत काढ्यात ओड्नीनंच मला सोडलं. आतून म्हातारी ओरडत होती, "निवू दे, बाई! आधी बोट बुडवून बघ!" ओड्नीला वाटलं, नेहमीसारखी शिव्याच देतेय. तिनं दार लावून घेतलं.

हे तिच्या कानावर घालू नका. पुढच्या खेपेला काढा किती ऊन ठेवायचा, हे तिच्याच हातात आहे.