रेडिओचा स्क्रू

माझा धाकटा भाऊ स्वतःला व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजचा इन्स्पेक्टर समजतो. खिशात भिंग, चाव्यांच्या जुडग्याला बारका स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात एकच वाक्य, "ताई, घाई नको." घाई नको म्हणे! पुढच्या आठवड्यात आईच्या अंगठ्याचं ऑपरेशन, आणि त्याआधी तिला तो किल्ल्यांचा गेम एकदाचा संपवायचाय. आमच्या लहानपणी ती पार शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचली होती. मग आम्ही घर बदललं आणि बाबांनी अडगळ म्हणून गेमचं अख्खं खोकं विकून टाकलं. आई त्यावरून बाबांना अजून टोमणे मारते.

आई कार्ट्रिजला कॅसेटच म्हणते. नकली कॅसेट चालते हो, पण आत बॅटरी नसल्यामुळे खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवत नाही. बंद केली की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून आम्हाला अस्सलच हवी होती.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याच्याबरोबर जुन्या गेम्सच्या दुकानात गेले. हा एकेक कार्ट्रिज उजेडात धरून नाक मुरडत होता. "हिची अक्षरं बघ, फुटलीत. नकली. हिचं प्लास्टिक बघ कसं चकाकतंय. नकली." एक करडी कार्ट्रिज तर त्याने हातातसुद्धा घेतली नाही.

"तिला एकदा उघडून तरी बघा," दुकानदारकाका म्हणाले. "दर वेळी बिचारीला असंच हाकलता."

"काका, लेबल तिरकं, कडेला डिंकाचे ओघळ. आणि अस्सल कार्ट्रिजला असला स्क्रू असतो का? हा तर रेडिओचा वाटतोय!"

रेडिओचा? मी गर्रकन वळले. आमच्या आईचा आयुष्यभराचा धंदा रेडिओ-दुरुस्तीचा.

"आण ती इकडे!"

"ताई, नकली आहे ती..."

"गप रे, दीडशहाण्या! हे लेबल मी सोललं होतं आणि मार खाऊन डिंकाने परत चिकटवलंही मीच. बॅटरी बदलायला आईने ही उघडली, तेव्हा तू रांगत होतास. मूळ स्क्रू तू गिळलास! दोन दिवस तुला केळी चारत होतो आम्ही!"

इन्स्पेक्टरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. काका तर काउंटरवर डोकं टेकून हसत सुटले. "म्हणजे पुरावा तुमच्याच पोटात होय!"

घरी आईने कॅसेट हातात घेतली, स्क्रूवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "टीव्ही लाव."

इतक्या वर्षांत बॅटरी मेली असेल तर? भावाने कॅसेट आपल्या जुन्या गेमच्या यंत्रात सरकवली आणि बटण दाबलं. आणि पडद्यावर आलं आईचं नाव, त्याखाली शेवटचा किल्ला! मी किंचाळले. भाऊ सोफ्यावर उड्या मारायला लागला.

पण आईचा अंगठा दगा द्यायला लागला. उडी मारायच्या ऐन वेळी बटण दाबलंच जाईना. गेममध्ये दोनदा मेली. मग तिने कंट्रोलर अर्धा भावापुढे सरकवला. "ये इकडे. स्क्रू गिळलास, आता निदान बटण तरी दाब. मी 'हं' म्हटलं की उडी."

"हं! हं! अरे हं म्हटलं ना, गाढवा!"

आणि पडला किल्ला! आई हसता हसता रडायला लागली, आणि तिला बघून मीही.

बाबा दारातून हळूच म्हणाले, "खोक्याचं आता माफ ना?"

"बघू," डोळे पुसत आई म्हणाली, आणि तिने गेम पुन्हा पहिल्यापासून लावला.