पिवळी झाक

प्रिंटरमधून फोटो बाहेर आला आणि रंगाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. तान्ह्या लेकीचा चेहरा पिकल्या लिंबासारखा दिसत होता.

लग्नाच्या फोटोंतले चेहरे कॉम्प्युटरवर उजळून देणं हा त्याचा धंदा, म्हणून सासरची मंडळी त्याला चिडवून रंगारी म्हणत. नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली नात आजीला बघायची होती. म्हणून त्याने फोटो घाईघाईत, काही न सुधारता, फोनवरून थेट छापायला दिला होता.

"अहो," पडदे ओढलेल्या आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "ही आज दूध ओढतच नाहीये. उठवलं तरी पुन्हा झोपते."

"झोपू दे की. काल पाठवलेला फोटो बघून दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या ना, छान आहे म्हणून? मी जरा या प्रिंटरचं बघतो, त्याने मान टाकलेली दिसतेय."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मान टाकणं वगैरे शब्द आज नकोत, असं वाटलं. उगाच.

त्याने प्रिंटरचं शाई सोडणारं हेड साफ करायला लावलं. यंत्र बराच वेळ घुरघुरलं. तपासणीचा कागद काढला, तर चारही रंगांच्या रेघा सलग, कुठे एक तुटलेली नाही. पुन्हा फोटो काढला. पिवळाच. कागद खराब असेल म्हणून नवं पाकीट फोडलं. तरी पिवळाच. तो आपला प्रिंटरलाच शिव्या घालत राहिला. दोष प्रिंटरचा निघावा, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी तो फोटो घेऊन खिडकीशी गेला. चादर पांढरीशुभ्र होती. बाळाच्या पोटावरचा बायकोचा हात नेहमीसारखा सावळा होता. पिवळी होती ती फक्त लेक. इतक्या वर्षांच्या मुरलेल्या डोळ्यांना हे पहिल्याच फटक्यात दिसायला हवं होतं, पण पोटच्या पोरीकडे माणूस गिऱ्हाइकाच्या नजरेने बघतो थोडाच!

मग त्याला कालचा फोटो आठवला. नर्सताईंना पाठवण्याआधी तो त्याने कॉम्प्युटरवर घेतला होता. पिवळेपणा खाली ओढला होता, गालांवर जरासा गुलाबी चढवला होता. विचार करून नव्हे. हाताला वळणच ते.

"आण तिला," तो ओरडला. "उजेडात आण आधी!"

खिडकीशी त्याने लेकीच्या इवल्या नाकावर बोट दाबून उचललं. दाबलेल्या जागची कातडी पिवळी होती. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. एवढं करूनही ती रडली नाही, आणि त्या न रडण्याने तो हादरलाच. पायात चपला आहेत की नाहीत हे न बघता दोघं दवाखान्याकडे धावले.

नर्सताईंनी दुपटं उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. डॉक्टरांना हाक मारून त्यांनी बाळ उचललं.

"काल फोटोत तर चांगली गुलाबी होती! ही कावीळ एका रात्रीतली नाही हो. घरात कुणालाच पिवळेपणा दिसला नाही?"

बायको रडत मान हलवत होती, नाही, नाही. रंगारी पुढे झाला.

"मला दिसला होता," तो म्हणाला. "मी पुसला."