एक टक

वडिलांना बरोबर आणायला नको होतं, असं तिला स्टुडिओच्या दारातच वाटलं. पण ते ऐकतायत कुठे! बोलत्या इंग्रजी शब्दकोशाला मुलीचा आवाज म्हटल्यावर ते सकाळपासून बूट घालून, काठी घेऊन तयार. खरं तर ते काम मिळणार की नाही, ते आजच ठरायचं होतं. तीस अवघड शब्द अर्थासकट वाचायचे; जमलं तर दोन वर्षांचं काम, नाहीतर नमस्कार.

वडिलांनी छापखान्यात चाळीस वर्षं शब्दकोशांची प्रुफं तपासली होती. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पानावर नजर ठेवायची आणि चूक दिसली की टेबलावर एक टक. वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं. प्रुफं घरी आणली की वाचायला लहानपणी तीच बसे. अक्षर निसटू नये म्हणून मुकं अक्षरही उच्चारायचं, ही तिथली रीत. त्यामुळे सूर्यघड्याळावर सावली पाडणारी काडी, जग जिला ‘नोमन’ म्हणतं, ती वडिलांच्या तोंडी कायम ‘ग्नोमॉन’. तिने शाळेत भर वर्गात तसंच म्हटलं आणि वर्षभर हसं करून घेतलं. तेव्हापासून चारचौघांत वडिलांनी इंग्रजी बोलू नये, यासाठी तिची धडपड असे.

“बाबा, आत तोंड उघडायचं नाही हं.”

“मी कशाला उघडतोय? बसायला स्टूल दे म्हणजे झालं.”

वडील तिच्या मागेच स्टुलावर बसून तिच्या खांद्यावरून कागद पाहत होते. वाचन झकास चाललं. ‘बोरबोरिग्मस’, म्हणजे पोटातली गुडगुड, हे वाचताना तिचं उपाशी पोटच बोललं.

“नुसता अर्थ पुरे, उदाहरण नको,” काचेपलीकडून ध्वनिमुद्रक हसला.

मग आला ‘ॲग्लेट’. “काठीच्या किंवा छत्रीच्या टोकाला बसवलेली धातूची...”

टक.

ती सवयीने गप्प झाली. ध्वनिमुद्रक वैतागला. “आजोबा, चांगलं चाललं होतं की!”

“अर्थांची अदलाबदल झालीय,” वडील काठीचं टोक दाखवत म्हणाले. “ही फेरूल. ॲग्लेट म्हणजे बुटाच्या नाडीचं टोक. खाली बघा, ग्नोमॉनच्या वर.”

ध्वनिमुद्रकाशेजारी बसलेल्या, शब्दकोशाच्या संपादकबाईंनी आपल्याकडचा कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. चौघांनी तपासलेला कागद! ध्वनिमुद्रक मात्र भलतीकडेच अडकला होता. “ग्नो... काय म्हणालात?”

तो हसला. तिलाही हसून वेळ मारून नेता आली असती.

“माझे वडील आहेत ते,” ती म्हणाली. “ते एक अक्षरसुद्धा सोडत नाहीत. तुम्ही तर अख्खा अर्थ सोडलात.”

काम गेलं तर गेलं, असं तिला वाटलं. इतकी वर्षं ज्याची लाज धरली, त्याचा आज तिला अभिमान वाटत होता.

उरलेले शब्द तिने एका दमात वाचले. शेवटी ‘आवाज’ म्हणून स्वतःचं नाव सांगायचं होतं. ते सांगून ती थांबली नाही. “तपासणी,” ती म्हणाली आणि वडिलांचं संपूर्ण नाव घेतलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही शब्दकोशावर ते कधी छापलं गेलं नव्हतं.

“हे कागदावर नव्हतं,” संपादकबाई म्हणाल्या. मग त्या स्टुलाकडे वळल्या. “सोमवारी दोघंही या. आणि तपासनीस, शेवटच्या ओळीत काही चूक?”

वडिलांनी काठी हळूच उचलून मांडीवर आडवी ठेवली आणि खिशातला रुमाल शोधू लागले.