पाइपाच्या खालून

आमच्या हरिश्चंद्र सरांना कोणाकडे काही मागायचं म्हटलं की आधी घसा बसतो. खेडच्या आमच्या कॉलेजात ते खेळाचे सर. मैदानावर ओरडले की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. पण हाच माणूस दोन नवे बॉल मागायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये जातो आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचं अभिनंदन करून हात हलवत परत येतो. त्यामुळे गेल्या जूनमध्ये सरांनी बाबूशेटची आंब्याची शेड मिळवली, तीही फुकट, तेव्हा आम्ही तोंडात बोटंच घातली.

शेडचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमचं बास्केटबॉलचं कोर्ट उघड्यावर. जून लागला की त्यावर शेवाळ धरतं आणि दसऱ्यापर्यंत तिथे बॉल सोडा, माणूस उभा राहत नाही. आणि झोनलचे सामने असतात ऑक्टोबरात. म्हणजे ज्या चार महिन्यांत बाकीची कॉलेजं हॉलमध्ये घाम गाळतात, त्या चार महिन्यांत आम्ही खिडकीतून पाऊस बघत वडापाव खायचो. आदल्या वर्षी सेमीफायनलला दोन पॉइंटांनी हरलो, ते त्या वडापावांमुळेच, असं सरांचं ठाम मत होतं. टीम तीच राहणार होती. त्यामुळे या वेळी पावसाळा वाया घालवायचा नाही, एवढं ठरलं होतं.

आंब्याचा हंगाम संपला की बाबूशेटची पॅकिंगची शेड चार-पाच महिने रिकामी पडते. खाली गुळगुळीत कोबा, वर पत्रा, चांगली लांबरुंद. मागच्या भिंतीवर, मधोमध, आम्ही रिंग ठोकली. अडचण फक्त एक होती. रिंगच्या चार पावलं अलीकडे, रिंगपेक्षा थोडा उंचावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाडजूड लोखंडी पाइप गेला होता. शेड त्यानेच धरून ठेवली असणार, असं आम्ही धरून चाललो. विचारलं कोणी नाही. फुकटच्या शेडमध्ये उभं राहून पाइपाची चौकशी कोण करणार?

सरांनी प्रत्येकाला पावसाळ्याचा अभ्यास दिला. मी, ओमकार, टीमचा पास देणारा. मला डावा हात सुधारायचा होता. विनीत आमचा सगळ्यात उंच, पण वाऱ्याने हलेल असा. त्याला वजन वाढवायचं होतं. त्याचे वडील लोट्याला कंपनीत शिफ्टला जातात. त्यांनी हे इतकं मनावर घेतलं, की रोज कंपनीच्या बसमधून उतरताना ते अंड्यांचा ट्रे घेऊनच उतरायचे. आणि फुजैलला सरांनी एकच सांगितलं, "तुझ्यात बदलायचं काही नाही. आहे तेच जास्त कर."

फुजैलचा शॉट मी शब्दांत सांगू शकणार नाही, तरी सांगतो. तो लांबून मारायचा आणि बॉल इतका उंच जायचा की समोरचा ब्लॉक करणारा मान वर करून नुसता बघत बसायचा. मग बॉल वरून सरळ खाली यायचा आणि जाळीचा आवाज यायचा, बस. रिंगला लागायचासुद्धा नाही. मला पास द्यायला आवडतं ते त्या आवाजामुळे. स्वतः बास्केट केल्यावर मला कधी तेवढा आनंद झालेला नाही.

त्याच्यासाठी हे वर्ष साधं नव्हतं. त्याचं घर खाडीकाठच्या गावात. वडील, मन्सूरचाचा, गेली वीस वर्षं कुवेतला. आधी दोन मोठे भाऊ तिकडे गेले, आता याचा नंबर होता. मेमध्ये चाचा सुट्टीवर आले तेव्हा फुजैलने पहिल्यांदाच तोंड वर करून सांगितलं, की मला इथे राहायचंय. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली तर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला उभं राहता येतं, पोलिसात, रेल्वेत. चाचा वाईट माणूस नव्हे. ते म्हणाले, "ठीक. हा एक सीझन तुझा. निवड झाली तर राहा, शीक, खेळ. नाय झाली तर डिसेंबरात माझ्याबरोबर चल. मग कुरकूर करायची नाय." फुजैलने कबूल केलं. झोनलला निवड करणारे येऊन बसतात आणि त्याचा शॉट एकदा बघितला की विषय संपणार, याबद्दल आम्हा कोणालाच शंका नव्हती.

शेडमधल्या पहिल्या दिवशी फुजैलचा पहिला शॉट त्या पाइपावर ठाणकन आदळला. दुसराही आदळला. आणखी उंच मारला तर बॉल पत्र्याला लागला, आणि अख्खी शेड अशी वाजली की बाबूशेटचा कुत्रा भुंकत आला. आम्ही हसून हसून लोळलो. फुजैलही हसला. सर म्हणाले, "जरा खालून काढ रे, पाइपाच्या खालून." तो काढायला लागला.

पंधरा दिवसांत त्याला ते जमलं. महिन्याभरात असं जमलं की आम्ही बघत राहायचो. बॉल पाइपाच्या खालून सुतात निघायचा आणि रिंगमध्ये घुसायचा. सर वहीत आकडे टाकायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. विनीत खरोखरच भरला होता, माझा डावा हात उजव्यासारखा चालायला लागला होता आणि फुजैल चुकतच नव्हता. ऑगस्टमध्ये आम्ही ट्रॉफी कुठे ठेवायची यावर भांडलो, हे आता आठवलं की लाज वाटते.

झोनल रत्नागिरीला होते. पहिला सामना सोपा होता, विनीतने एकट्याने ओढला. दुसऱ्या सामन्याला निवड करणारे येऊन बसले. समोरच्या टीमने फुजैलवर एक लंबूटांग पोरगा लावला होता. मी पास दिला, फुजैलने हात उचलला आणि त्या पोराने बॉल तसाच हवेतून परत केला. असं कधी झालं नव्हतं. पुढच्या वेळी फुजैल दोन पावलं मागे गेला. आता मोकळा होता. बॉल सरळ गेला, रिंगच्या पुढच्या कडेला आपटला आणि माझ्याच छातीवर परत आला. मी पुन्हा त्यालाच दिला, बॉल पुन्हा कडेला. मी वर बघितलं. वर मोकळं आभाळ होतं, आणि हा गडी पाइपाच्या खालून मारत होता.

"उंच मार!" मी ओरडलो. त्याने मारला. उंच गेला, पण लांब गेला, बोर्डाच्याही पलीकडे. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. मला त्याचा गळा धरावासा वाटला, त्या हसणाऱ्याचा. त्यानंतर फुजैलने एकही शॉट घेतला नाही. बॉल आला की लगेच मलाच परत द्यायचा.

सामना हातातून गेला, आणि संध्याकाळी निवडलेल्यांची नावं वाचली. आमच्या कॉलेजातून एकच नाव होतं, विनीतचं. सगळ्यात जोरात टाळ्या फुजैलने वाजवल्या. परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला आणि हातखंब्याच्या फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

त्याचं जायचं ठरलं. तयारीत नोव्हेंबर गेला. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला कॉलेजच्या कोर्टवर बोलावलं. कोर्ट कोरडं खडखडीत होतं. सर साहित्याची खोली बंद करून निघालेले, आम्हाला बघून थांबले. फुजैलने सहज म्हणून बॉल घेतला आणि लांबून मारला. बॉल वर गेला, वर गेला, आणि जाळीचा आवाज आला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा तोच आवाज. मी बॉल आणून देत होतो आणि तो मारत होता. उघड्या कोर्टवर दीड महिना टाइमपास केल्यावर त्याचा हात परत आला होता. आता त्याचा उपयोग नव्हता. मला रडू येत होतं, म्हणून मी बॉल आणायला मुद्दाम लांब लांब गेलो.

सर पायऱ्यांवर बसले होते. म्हणाले, "फुजैल, तुला शेडमध्ये कळलं नाही का रे, हात बदलतोय ते?"

"कळलं होतं सर. पहिल्याच महिन्यात."

"मग बोलला नाहीस?"

फुजैल बॉल हातात फिरवत राहिला. "तुम्ही किती खटपट करून शेड मिळवलीत. सगळे एवढे खूश होते. माझ्या एकट्यासाठी कसं बोलणार? म्हटलं, बाहेर गेल्यावर येईल परत."

सर म्हणाले, "मला पण दिसत होतं. ऑगस्टपासून. पण तुझे सगळे शॉट आत पडत होते. म्हटलं, आता टोकलं तर पोराचा विश्वास जाईल."

दोघं एकमेकांकडे बघून कसनुसं हसले. मला मात्र दोघांचा असा राग आला की काय सांगू. एकाला सरांची भीड, सरांना पोराची भीड. आपल्याकडे माणसं भांडणात सात पिढ्यांचा उद्धार करतील, पण अडलेली एक गोष्ट सरळ तोंडाने बोलणार नाहीत. मी तसं तिथल्या तिथे सुनावलंही. "दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर हा उद्या विमानात बसला नसता," म्हटलं. फुजैल म्हणाला, "जाऊ दे ना यार." आणि बॉल सरांच्या हातात देऊन, त्यांच्या पाया पडून तो गेला.

या जूनमध्ये सर मला म्हणाले, "चल, बाबूशेटकडे जाऊ. शेड मागायची आहे. आणि या वेळी पाइपाचंही विचारतो." मोटरसायकलवर माझ्या पुढे बसून ते वाटभर काय बोलायचं त्याचा सराव करत होते. शेटने शेडमध्येच चहा मागवला. पावसाचं झालं, आंब्याच्या भावाचं झालं. सरांचा घसा बसायला लागला, तसं मीच शेजारून त्यांना कोपराने ढोसलं.

"शेट, एक होतं," सर म्हणाले. "तो मधला पाइप... म्हणजे शेडला धोका नसेल तर... त्याचं काही करता येईल का? पोरांना जरा आड येतो."

"खंयचा पाइप?" शेटला कळेना. मग तो मोठ्याने हसला. "तो होय! अवो सर, तो शेडचा नाय. तो काटा टांगायला लावलाय, पेट्या वजन करायला. दोन नटबोल्टाचं काम. गेल्या वर्षीच बोलायचंत ना!" आणि आत वळून हाक मारली, "रघू, पाना घेऊन ये रे!"

रघू आला, शिडी लावली. आमचा चहा संपायच्या आत पाइप खाली जमिनीवर पडलेला होता. दोन्ही भिंतींवर गंजाचे दोन गोल डाग राहिले, तेवढेच. परत येताना वाटेत गाडी थांबवून ते म्हणाले, "ओमकार, हे फुजैलला सांगू नकोस."

"का नाही सांगायचं?" मी म्हटलं. "सांगणार. एवढं होऊनही पुन्हा गप्पच बसायचं का?" सरांनी गाडीला किक मारली.

आठवड्याने प्रॅक्टिस सुरू झाली. मी शेडचा फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला. फुजैल अजून ग्रुपमध्ये आहे, त्याला काढायचं कोणाच्या मनातही आलेलं नाही. कुवेतला तो एका गोदामात आहे. रात्री त्याचा मला वेगळा मेसेज आला.

"पाइप कुठे गेला?"

"काढला," मी लिहिलं.

मग तो लिहितोय असं दिसलं, मग थांबला, मग पुन्हा लिहितोय.

"निघण्यासारखा होता?"

मी सगळं लिहायला घेतलं. काटा, दोन बोल्ट, रघू, चहा. सगळं टाइप केलं, पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि तो दुपारच्या उन्हात गोदामात खोकी उचलताना हे आठवत बसेल, असं डोळ्यांसमोर आलं. मी सगळं खोडलं.

"नव्हता रे," मी लिहिलं. "चिपळूणहून वेल्डर आणला. कापायलाच दोन दिवस गेले. पत्रा पण उतरवावा लागला. शेटचा केवढा खर्च झाला."

त्याचं उत्तर लगेच आलं.

"मग बरोबर. तेव्हा जमलंच नसतं." आणि थोड्या वेळाने, "आता सगळ्यांना उंच मारायला सांग."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, सांगितलंस का, तर मी त्यांनाही हो म्हणालो.