डाव्या अंगठ्याखाली

बाबांनी डाव्या अंगठ्याने निळं बटण दाबलं आणि फोन त्यांच्या लेकीच्या, टिटवीच्या आवाजात म्हणाला, ‘मला पाणी हवंय.’

“बघ आई, बघ!” टिटवी पलंगावर उडी मारायचीच काय ती बाकी होती. “एका दाबात! दवाखान्यातल्या त्या ॲपमध्ये पाण्यापर्यंत पोचेस्तोवर माणसाची तहान मरते.”

“हो गं बाई, हुशार आहेस. आता ते पाणी दे तरी त्यांना.”

पक्षाघाताच्या झटक्याने बाबांचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचाही गेली होती. दवाखान्यातून मिळालेल्या ॲपमध्ये चित्रंच चित्रं होती, नखाएवढी. आणि कामाची तेवढी सगळी उजवीकडे वर, जिथे डावा अंगठा जन्मात पोचला नसता. बाबांनी वैतागून फोन भिंतीवर भिरकावला, तेव्हा टिटवीने शाळेत शिकलेलं सगळं पणाला लावून स्वतःच ॲप केलं.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. धावत्या बसमधून वाचता येते ती पाटी, बाकी नुसती रंगाची नासाडी, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून तिची बटणं मोजकी, ढब्बू, सगळी डावीकडे खाली, अंगठा आपसूक पडेल तिथे. पाणी निळं, दुखतंय लाल, नको काळं. अक्षरं तिने स्वतः काढलेली, भोवती ऐसपैस मोकळी जागा. बाबांनी पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘दुखतंय’च्या उकारावर बोट ठेवून एक भुवई उडवली. उकार वाकडा होता. टिटवीला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

फक्त हाक मारायचं बटण तिला खटकायचं. ते दाबलं की तिचाच आवाज तिला बोलवायचा. आपणच आपल्याला काय हाक मारायची! आणि टिटवी हे नावही तिच्या बडबडीला कंटाळून बाबांनीच ठेवलेलं. फोनवरचे जुने निरोप चाळताना तिला त्यांचा आवाज सापडला, कामावरून पाठवलेला: ‘टिटवे! ए टिटवे! कुठे उलथलीस? ये लवकर, शिडी धर. घट्ट धर हं, मला वरून खाली बघवत नाही.’

तिने पहिली हाक तेवढी कापून बटणाला जोडली. बटणाने थोडक्यात बोलावं.

‘टिटवे!’

स्वयंपाकघरात आईच्या हातून भांडं निसटलं. बाबा कितीतरी वेळ फोनकडे बघत राहिले.

मग ते बटण सारखंच वाजू लागलं. टिटवी अभ्यास टाकून धावायची.

“पाणी देऊ?”

बाबांनी मान हलवली. नाही.

“कूस बदलायची? उशी टोचतेय?”

नाही.

“मग बोलावलंत कशाला हो? उद्या पेपर आहे माझा!”

ती समोर उभी असतानाच त्यांनी पुन्हा बटण दाबलं. ‘टिटवे!’ पण नजर तिच्याकडे नव्हती. फोन त्यांनी कानाशी नेला होता आणि हाक संपल्यावरही तो तसाच धरून ते पुढच्या शब्दांची वाट बघत होते. ओठ हलले. बाहेर नुसती हवा आली.

जिला गप्प बसायला सांगून सांगून शाळा थकली होती ती टिटवी एक शब्द न बोलता फोन घेऊन बाहेर गेली. कापलेला आवाज तिने काढून टाकला आणि पूर्ण निरोप जोडला. परत येऊन फोन त्यांच्या डाव्या हातात दिला, दार अर्धवट लोटलं आणि ती बाहेरच थांबली.

आतून आवाज आला, ‘टिटवे! ए टिटवे! कुठे उलथलीस?’ शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

“अगं, ते बोलावतायत ना?” आईने हाक दिली. “जा की!”

“मला नाहीत बोलावत ते,” टिटवी हळूच म्हणाली.

आई हात पुसत बाहेर आली, दाराशी थबकली आणि तिथेच खाली बसली.

‘...ये लवकर, शिडी धर. घट्ट धर हं...’

टिटवी जागची हलली नाही. तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.