चौदा हातांचं घर

पत्र शनिवारी संध्याकाळी आलं, आणि रविवारी सकाळी डिलाईल रोडच्या त्या चाळीत कुणाला दाढी करायचीसुद्धा सवड उरली नाही.

पत्र कातळवण्याच्या नव्या ग्रामपंचायतीचं होतं. कातळवणं रत्नागिरीकडचं, समुद्रापासून दोन कोस आत. पण तिथले कर्ते पुरुष सगळे गिरणीत. त्यामुळे निम्मं गाव डोंगराच्या उतारावर आणि निम्मं ह्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गावाच्या खोलीत. चाळीस ट्रंका, चाळीस वळकट्या आणि भिंतीवर ग्रामदेवतेची एक तसबीर, एवढी ती खोली. तिथंच गावाच्या मुंबई मंडळाच्या सभा भरत. तिकडे विहिरीला कठडा घालायचा म्हटलं तरी होय-नाही इथं ठरायचं, आणि मग तिकडे पहिला दगड हलायचा.

सरपंचांनी लिहिलं होतं की, रखमा गोविंद हिचा घर बांधण्याच्या परवानगीचा अर्ज पंचायतीपुढे आहे. त्यावर तिचा चुलतदीर दौलत याची हरकत आहे. दोघंही मुंबईत, तेव्हा मंडळानं दोन्ही बाजू पाहाव्या आणि लिहून कळवावं. मंडळ म्हणेल तसा ठराव होईल. बुधवारी बैठक. खोलीतला रामदास शिमग्यासाठी सोमवारच्या सकाळच्या बोटीनं निघणार होता, उत्तर त्याच्याच पिशवीतून जायला हवं होतं. म्हणजे हातात एक रविवार.

रखमा ही चाळीच्या तळमजल्यावरची खानावळवाली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही असा कातळवण्याचा गडी गिरणगावात सापडायचा नाही. पण गावी तिला स्वतःचा उंबरा नव्हता. गणपतीला ती एकीच्या पडवीत निजायची, शिमग्याला दुसरीच्या. कुणी काही बोलत नसे, उलट आग्रहच करत. पण पहाटे उठून दुसऱ्याच्या चुलीपुढे राख ओढायला बसायचं आणि आपण कुठला कोनाडा वापरायचा ते विचारायचं, हे तिला सलायचं. गोविंदाच्या वाटणीतली एक पट्टी तेवढी उरली होती, सहाणेला लागून. सहाण म्हणजे शिमग्यात देवीची पालखी जिथं बसते तो चौथरा. गेल्या गणपतीत आरत्या संपल्या की रखमा त्या पट्टीवर जायची, आणि एके दुपारी, कुणाला न सांगता, गुडघ्यांवर बसून तिनं आपलं घर मोजलं होतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. रुंदी चौदा हात.

दौलतची हरकत ह्याच पट्टीवर होती. त्याच्या घराण्याकडे पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान. सहाणेवर चढण्याआधी पालखी त्या वाटेवर तीन गिरक्या घेते, तिथं घर आलं तर गिरकीला जागा कुठली, असं त्याचं म्हणणं. तो दुष्टपणानं बोलत नव्हता. शनिवारी तो रोजच्यासारखा रखमाच्या खानावळीत जेवला, दुसरी भाकरी घेतली, आणि हात धुताना म्हणाला, "वैनी, माजं तुमच्याशी वाकडं नाय. पन द्येवीला वाट नाय म्हनून कसं सांगू?"

ती म्हणाली, "बरोबर हाय भावजी," आणि त्यानं मागितली नव्हती तरी ताकाची वाटी पुढे सरकवली.

आता कागदावर हा तंटा सुटेना. मंडळाचे अध्यक्ष अप्पा, पंचाहत्तरीचे, गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांना कागद डोळ्यांजवळ नेऊनही दिसत नसे. सकाळपासून खोलीत नुसता गलका. कुणी म्हणे वाट मोप आहे, कुणी म्हणे बैलगाडीसुद्धा वळायची नाही. शेवटी अप्पा वैतागून म्हणाले की बोलून काय होणार, घर बांधून बघा ना.

आणि ते खरंच ठरलं. चाळीमागच्या पटांगणात घर बांधायचं. चुन्याचं.

चुना होताच. मंडळाचा चिटणीस वसंत गिरणीच्या हापिसात कारकून, पण त्याची सगळी संध्याकाळ गेली चार वर्षं भिंती रंगवण्यात जात होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही अक्षरं त्या पटांगणाच्या भिंतीवर त्यानंच हात-हातभर उंचीची काढली होती. आता तर राज्य होणार हे ठरल्यातच जमा होतं, दोन-तीन महिन्यांची गोष्ट. त्यामुळे चुन्याची अर्धी बादली त्याच्या दारामागे बिनकामाची पडून होती. ती घेऊन तो जिना उतरला तेव्हा वरून कुणीतरी ओरडलं, "मुंबय मिळवाया चार वर्सं गेली, वैनीच्या घराला एक दिवस पुरंल का रे?"

तलाठ्याच्या नकाशावर वाट आणि पट्टी मिळून रुंदी फुटांत दिलेली होती, छत्तीस फूट. वसंतानं टेपनं ती मोजली, दोन्ही टोकांना विटा ठेवल्या. ह्या अंगाला शेजाऱ्याचा दगडी गडगा, त्या अंगाला सहाण. मधे घर. घराचं माप मात्र अर्जात हातांचं. चौदा हात.

"घर धन्याच्या हातानं मोजायचं," अप्पा म्हणाले. "आपल्याकडची रीतच हाय ती." गोविंदा तर नाही, मग त्याच्या मागे घरातला पुरुष कोण? सगळ्यांनी दौलतकडे पाहिलं. हरकत घेणाराच माप देणार म्हणून दोघं-तिघं हसले, पण रीत म्हटल्यावर कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. दौलत खाली बसला. उंचापुरा गडी, ताग्यासारखे लांब हात. त्यानं चौदा वेळा हात टाकला, वसंतानं मागोमाग चुना ओढला, आणि बघता बघता पटांगणात भिंती उभ्या राहिल्या, ओटी, माजघर, चूल, मागचं दार.

रखमाला कुणी बोलावलं नव्हतं. सभा पुरुषांची. शिवाय रविवारचं कालवण चुलीवर होतं.

पालखीसाठी मोर्चातला लांब बांबू आणला. मधोमध खानावळीतला पाट उलटा बांधला, वर तांदळाचं गाठोडं. अप्पांनी आधीच बजावलं की ही पालखी नव्हे, मापाचा बांबू आहे, कुणी नमस्कार-बिमस्कार करायचा नाही. पण ढोलवाल्या शिवानं पहिली काठी मारली मात्र, साऱ्या पटांगणानं न सांगता पायांतल्या वहाणा काढल्या. अप्पांनीही.

दौलतनं पुढचा खांदा दिला. मागे रामदास. पहिली गिरकी सरळ गेली. दुसरीला बांबू आडवा फिरला, रामदास पाठमोरा मागे सरत गेला, आणि त्याची टाच चुन्याची रेघ पुसून थेट माजघरात पडली.

"गेला, वैनीच्या भिंतीतून गेला," कुणीतरी म्हणालं. ढोल थांबला. कुणाला हसू आलं नाही. वसंतानं कागद गुडघ्यावर घेतला आणि जड हातानं लिहायला लागला, हरकत योग्य दिसते.

तळमजल्याच्या खिडकीतून रखमा हे सगळं पाहत होती. तिच्याबरोबर भाकऱ्या थापणारी शांता तिला सांगत होती की नको बघूस, करपेल. पण रखमाची नजर रामदासच्या टाचेवर नव्हतीच. ती चुलीकडे पाहत होती, चुन्याच्या चुलीकडे. मग पिठाचे हात तसेच ठेवून ती बाहेर आली, पुरुषांच्या मधून वाट काढत, आणि चुन्याच्या पुढच्या दारातून आत शिरली. दारापासून चुलीपर्यंत चालत गेली. परत आली. पुन्हा गेली. चार पुरुष बाजूला झाले.

"ह्ये घर माजं न्हवं," ती म्हणाली.

अप्पांना वाटलं, ती दुःखानं बोलते आहे. ते समजूत घालायला लागले, की सरकारदरबारी दुसरी जागा मागू, मंडळ तुझ्या पाठीशी आहे. रखमानं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "दारापासून चुलीपातूर माजी सात पावलं, अप्पानु. म्या तिथं चालून बघितलीत, रोज, गौरी जाईपातूर. हितं आठ भरली. माप कुनाच्या हाताचं?"

 दौलतनं आपला हात पाठीमागे घेतला.

अप्पा म्हणाले की रीतीप्रमाणे धन्याच्या हाताचं.

"धनी कोन?"

तिनं आवाज चढवला नव्हता. तरी गॅलऱ्यांतल्या बायका कठड्यावरून आणखी वाकल्या. वसंतानं मूळ अर्जाची नक्कल बाहेर काढली आणि वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. कारण अर्ज त्यानंच लिहून दिला होता, गेल्या दिवाळीत, ह्याच खानावळीत बसून. मालकाच्या रकान्यात रखमा गोविंद. मापाच्या रकान्यात, रुंदी हात चौदा, अर्जदाराने स्वतःच्या हाताने मोजल्याप्रमाणे. अक्षर त्याचं, शब्द तिचे. आणि आज सकाळी तो स्वतःच चुना ओढत दौलतच्या हातामागे चालला होता.

"पुसा," अप्पा म्हणाले. एवढंच. पण स्वतः खाली वाकून एका भिंतीवर तांब्यानं पाणी ओतलं.

पटांगण पुन्हा कोरं झालं. रखमानं पदर खोचला, गडग्याच्या विटेशी गुडघे टेकले आणि हात टाकला. पिठानं पांढरा झालेला, मनगटावर चुलीचे डाग असलेला आखूड हात. एक. दोन. वरच्या गॅलऱ्यांतून आकडे मोजले जाऊ लागले. दौलतच्या हातापेक्षा तीन बोटं कमी, प्रत्येक वेळी तीन बोटं. शांता खिडकीत उभी राहून, हातातली भाकरी थापायची विसरून, ओवी म्हणायला लागली, तिथल्या तिथं जुळवलेली:

*माझ्या हाताची गं माया, माझ्या हाताचं गं माप,*
*चौदा हातांमंदी माझं, मावे माहेर आपोआप.*
*देवी डोंगराची येते, तिला सोडिते मी वाट,*
*तिच्या पायाच्या धुळीनं, माझ्या दाराशी पहाट.*

चौदाव्या हाताला रखमा थांबली. चौदा वेळा तीन बोटं म्हणजे जवळजवळ दोन हात. वाट डोळ्यांदेखत रुंद झाली होती. पटांगणात शिट्टी वाजली, शिवाचा हात ढोलावर आपोआप पडला.

पण बांबू अजून जमिनीवरच होता. पुढचा खांदा दौलतचा, आणि सगळ्यांना एकच शंका. हरकत त्याची, गिरकीही त्याची. मनात आणलं तर तो बांबू कुठंही घालेल. तोही ते ओळखून होता. बांबू उचलताना त्याचं तोंड कसंनुसं झालं.

रखमा त्याच्यापुढे आली. "भावजी, माज्यासाठी अंग चोरू नका. शिमग्याला नाचवता तशीच नाचवा. लागली भिंत तर लागली."

दौलतनं तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, खांदा दिला, आणि ढोल सुरू झाला तेव्हा तो डिलाईल रोडवर राहिला नाही. पहिल्या गिरकीला त्याच्या टाचांनी धूळ उडवली. दुसरीला बांबू आडवा फिरला, रामदास मागे सरला, सरला, आणि त्याची टाच रेघेच्या अलीकडे वीतभर टेकली. लोक ओरडायला लागले. तिसरी गिरकी दौलतनं मुद्दाम मोठी घेतली, त्याचा बाप घ्यायचा तशी, गुडघा वाकवून, जवळजवळ जमिनीला टेकून, आणि बांबू भिंतीच्या कडेनं घुमला, पण चुन्याचा कणही हलला नाही.

चाळ दणाणली. कुणीतरी दौलतला मिठी मारली, कुणी रामदासला. वसंतानं आधीचा कागद चुरगळून खिशात कोंबला. रखमा दारात उभी होती, तिला हसावं की रडावं कळेना.

आणि तेवढ्यात दौलत, धापा टाकत, म्हणाला, "वळचन ऱ्हायली."

पटकन कुणाला उमगलं नाही. त्यानं हात वर करून दाखवलं. भिंत इथवर, पण छप्पर भिंतीवर थांबत नाही. कोकणातलं घर ते, वळचण दीड-दोन हात बाहेर येणार, आणि खांद्याच्या उंचीइतकी खाली. चुन्याला छप्पर नसतं. बांबूचं टोक भिंतीला लागलं नाही खरं. पण वळचणीला लागलं असतं, तिन्ही वेळा.

त्याचं बोलणं खरं होतं, म्हणून कुणी त्याला शिवी दिली नाही. काही माणसं खाली बसली. रखमा म्हणाली की त्या अंगाला वळचण ठेवतच नाही. दौलत मान हलवत राहिला. पश्चिमेचा पाऊस, मातीची भिंत. दोन पावसाळ्यांत बसेल.

मग तो चुन्याच्या भिंतीपाशी गेला आणि बराच वेळ तिथं उभा राहिला, जणू गवंडीकाम बघायला आला आहे. म्हणाला, "झापांची करा. त्या अंगाची वळचन कौलांची नको, माडाच्या विणलेल्या झापांची. पावसाआधी बांधायची. शिमग्याला पाऊस कुटला? तवा उतरवायची." पुढे म्हणाला, "उतरवीन मी. पुढचा खांदा माजा, म्हंजे वाट मोकळी करनंबी माजंच. मिरगाआधी परत बांधून दीन. माज्यामागं माजा लेक. लिव, वसंता."

वसंतानं लिहिलं. घरास परवानगी द्यावी असे मंडळाचे मत. रुंदी हात चौदा, हात अर्जदाराचा. सहाणेच्या बाजूची वळचण झापांची. ती दरसाल शिमग्याआधी उतरवणे व मृगाआधी बांधणे ही जबाबदारी हरकतदार दौलत याने आपणहून घेतली आहे. हरकतदार हा शब्द वाचून दौलत म्हणाला, तो काढ. वसंतानं तो खोडला आणि वर चुलतदीर लिहिलं. अप्पांनी सही केली, दौलतनं केली, आणि रखमानं पिठाचा अंगठा शाईत बुडवला. कागद रामदासनं घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि दर पाच मिनिटांनी तो तिथं आहे ना हे चाचपत राहिला.

दीड वाजला होता. कालवण थोडं लागलं होतंच. रखमा म्हणाली की आज पंगत आतच बसेल, आणि शांतानं पत्रावळींचा गठ्ठा आणून चुन्याच्या माजघरात मांडायला सुरुवात केली. माणसं एकेक करून यायला लागली, आणि गंमत अशी की कुणीही रेघ ओलांडली नाही; जो तो वळसा घालून पुढच्या दाराशी यायचा, पाय झटकायचा, वाकून आत शिरायचा. उंचापुरा दौलत तर जरा जास्तच वाकला.

अप्पांना तेवढं दिसलं नाही. ते काठी टेकत सरळ निघाले.

"अप्पानु," रखमा भात वाढता वाढता म्हणाली, "भिंतीतून येतायसा. दार तिकडं हाय."

अप्पा थांबले, मागे फिरले, आणि सारं घर ताटकळत बसलेलं असताना सावकाश वळसा घालून दाराशी गेले.